उपवन, रात्रीचं मोजमाप

दोरीला अर्ध्या अर्ध्या मीटरवर गाठी,
टोकाला शिशाचा गोळा, त्याच्या वीतभर वर तापमापक.
वहीत रकाने : वेळ, खोली, अंश.
मान तुटलेल्या हंसाची होडी,
हिराजी वैती पायडल मारतो
आणि मी, महापालिकेच्या प्रयोगशाळेतली,
तळ्याला ताप किती ते बघायला निघालेली.

दुपारी दोनची नोंद :
पहिली गाठ एकोणतीस पूर्णांक चार.
दुसरी, जवळपास तेच.
तिसरीला एकदम पंचवीस.
मधे भिंत नाही, पाटी नाही,
नुसता उंबरठा, पाण्यातच पाण्याचा.
वारा आला की वरची साय तेवढी सरकते, सुरकुतते.
खाली वर्दी जात नाही.

"फोन पडतात लोकांचे, फोटो काढताना," हिराजी सांगतो.
"मंग मी बुडी मारतो.
भर दुपारी छातीपरयंत कोमट,
नि डोकं खाली गेलं का कानशिलात बरफ."
अकरा वर्षांत त्याने वर आणलेत
तीसेक फोन, एक मंगळसूत्र,
आणि एका काकांची कवळी,
जी काकांनी तिथेच खळबळून तोंडात घातली.

दिवे लागले, हॉटेलं भरली, रिकामी झाली.
येऊरवरून वारा उतरला.
आता वरचं पाणी आपली ऊब आभाळाला देऊन टाकतं
आणि जड होतं.
जड झालेलं वर थांबत नाही.
बोटभर उतरतं, हातभर उतरतं,
त्याच्या जागी खालचं येतं, अजून कोमट,
तेही निवतं,
तेही उतरतं.
आवाज नाही कसलाच.
टॉर्च मारला तर वाऱ्याच्या दिशेने
फेसाच्या, पानांच्या लांबच लांब रेघा,
कुणी तळं विंचरून ठेवल्यासारख्या.
रेघेशी पाणी बुडतं.
दोन रेघांमधे उमलतं.

तीन वर्षांपूर्वी एका ढगाळ आठवड्याच्या शेवटी
एकाच रात्रीत सगळं ढवळलं.
तळाचं, श्वास नसलेलं पाणी वर आलं,
सकाळी पायऱ्यांना लागले तिलापिया,
पांढरी पोटं वर करून.
लोक म्हणाले, कुणीतरी विष कालवलं.
साहेबांनी माझी वही मागितली.
दुपारच्या नोंदी होत्या, नीट, निळ्या शाईत.
रात्रीचा रकाना कोरा.
तो मी कधी आखलाच होता शोभेसाठी.

पहाटे चार.
हिराजी पायडल थांबवतो, कोपरापर्यंत हात बुडवतो,
मग पालथा पडून खांद्यापर्यंत,
गाल पाण्याला टेकेस्तोवर.
"लिवा म्याडम. पानी एक झाला."

मी दोरी सोडते.
पंचवीस पूर्णांक दोन.
पंचवीस पूर्णांक दोन.
पंचवीस पूर्णांक दोन.
चौथीलाही तेच. तो हसतो, बिडी शोधतो.
पाचव्या गाठीला, गाळाच्या अगदी वर,
चोवीस पूर्णांक नऊ.

मी त्याला सांगत नाही.
वहीत लिहिते,
आणि दोरी ओढते, ओली, गाठीगाठीने.