नेज

दिवाळ्याच्या जेटीवर बाबा बसलाय.
खोकी भरता भरता बायका विचारतात,
"हरेश्वरदादा, कसं होतं फ्रान्स?"
बाबा म्हणतो, "कंप्रेसर चांगला होता."

तीस वर्षं त्याने बर्फ काढला
खाडीच्या अंगाला असलेल्या कारखान्यात.
मिठाच्या पाण्यात बुडवलेले डबे,
अमोनियाचा डोळ्यांत शिरणारा वास,
आकड्याने ओढायची दीडशे किलोची लादी
आणि क्रशरखाली तिचा चुरा,
पापलेटवर, घोळीवर, कोलंबीवर.
बर्फ म्हणजे त्याच्या लेखी
मासळीला दीड दिवस उसना देणारी वस्तू,
जिला भाव असतो
आणि जी टेम्पोतच घटते.

मी नेरुळला हॉटेलचं शिकले
आणि आल्प्समधल्या एका स्कीच्या गावात
पहाटे चारला पावाचं पीठ मळू लागले.
दुसऱ्या हिवाळ्यात दोघांची तिकिटं पाठवली.
आई आली थर्मलवर साडी नेसून,
साडीवर माझं जुनं जाकीट,
बॅगेत सात पिशव्यांत गुंडाळलेला सुका जवळा.

केबल कारमधून उतरल्यावर
आई वाकली, मूठ भरली, ओरडली,
"कवरा बरफ गो! आन् फुकटचा!"
बाबा बुटाच्या टाचेने उकरून बघत होता.
"भुसभुशीत आहे," शेवटी म्हणाला.
"टोपलीत दोन तास टिकायचा नाही."

उतारावरून माणसं सरसरत येत होती,
पाच वर्षांची पोरं, हातात काठ्याही नाहीत.
"परत खालीच यायचं तर
वर जायचं कशाला?"
आई म्हणाली, "तुझा बाप दर्यात जायचा
तो काय तिथे राहायला?"

त्या रात्री तो उठून बसला.
डोंगरातून आवाज येत होता, ओळखीचा.
मला उठवलं, बूट घातले, निघालाच.

उताराच्या कडेला रांगेने तोफा उभ्या,
काळोखात पाणी आणि हवा फेकत.
बर्फ त्या वर्षी पडलाच नव्हता नीट,
खोल्या मात्र सगळ्या भरलेल्या,
म्हणून रात्री करायचा, सकाळी दाखवायचा.
पंपघरात बेर्नार, साठीचा,
बोटं बाबासारखीच भेगाळलेली.
मी दुभाषी म्हणून मधे उभी राहिले
आणि तशीच उभी राहिले.

बाबाने पाइपवर तळवा टेकवला, मान कलती केली,
मग तर्जनी हवेत गोल गोल फिरवली
आणि खट्‌कन थांबवली.
बेअरिंग.
बेर्नारने कपाळावर हात मारला.
महिनाभर तो हेच शोधत होता.

मग बाहेर जाऊन त्याने ओंजळभर आणलं,
बाबाच्या हातावर ठेवलं, म्हणाला, "नेज."
बाबाने ऐकलं, "नीज."

नीज नाही बाबा, नेज.
यांच्याकडे लादीला एक शब्द, या भुरभुरीला दुसरा,
आपण दोन्हीला बर्फ म्हणून मोकळे.
"नीजच असणार," तो म्हणाला. "बघ की."
खाली सगळं गाव पडलं होतं पांढऱ्याखाली,
कूस न बदलता.

इथे कारखान्याभोवती आता पत्रे आहेत,
पत्र्यांवर टॉवरचं चित्र, तळ्यात हंस.
मशीन बंद झालं त्या आठवड्यात
बाबा रोज रात्री दोनला उठायचा.
घरात फारच शांत आहे, म्हणायचा,
आणि आई वैतागून पंखा मोठा करायची.

मे महिना. जेटीचा दगड तापलेला.
थर्मोकोलच्या खोक्यांतून तुर्भ्याचा बर्फ ठिबकतोय.
बेर्नारने आवाज पाठवलाय, दीड मिनिटाचा.
नवं बेअरिंग.
बाबा फोन कानाशी घट्ट धरून बसलाय.

"कोण बोलतंय?" बायका विचारतात.
"कोणी नाही."
आई म्हणते, ऊन चढलंय, घरी जाऊन नीज.
तो हात वर करतो,
थांब जरा.