हजाराला दहा

ईश्वरा सुताराच्या पेटीत एक पोलादी पट्टी होती.
शाळेतली माझी पट्टी तिच्याशेजारी ठेवली
तर तिचे तीस सेंटीमीटर
माझ्या तिसांच्या तीन रेघा पुढं जाऊन थांबले.
"मामा, ही खोटी हाय."
रंधा न थांबवता म्हणाला,
"लोखंडाच्या हिशेबानं खरी हाय."

गार होताना लोखंड आकसतं. हजाराला दहा.
म्हणून सागवानात पंपाचं पोट कोरताना
जेवढं पुढं हरवणार
तेवढं तो आधीच वाढवून द्यायचा,
बिनबोभाट, बिलात न लावता.

उद्यमनगरात तेव्हा गाळ्यागाळ्याला वेगळा वास:
इथं कटिंग ऑइल, तिथं जळकी मळी.
साखर कारखान्याची ती मळी वाळूत कालवून
हौसाक्का कोअर थापायची;
मूठ आवळायची, उघडायची,
बोटांचे ठसे वाळूत टिकले की म्हणायची, "झालं."
यल्लाप्पा निळ्या काचेतून भट्टीत बघायचा
आणि कुणाशीच बोलायचा नाही.
दस्तगीर शिकलगार गार झालेल्या कास्टिंगला
हातोडीनं एकदाच टिचकी मारून कान द्यायचा.
घंटा वाजली तर ट्रकमध्ये,
खोकला वाजला तर परत भट्टीत.

गुण्यागोविंदानं वगैरे काही नव्हतं.
एक ब्लोहोल निघालं की
हौसाक्का यल्लाप्पाला शिव्या द्यायची,
यल्लाप्पा नुसता वाळूकडं बोट करायचा,
आणि मामा सगळ्यांकडं.
त्या भांडणातून पार पडलेला पंप
कुठल्या तरी, आम्ही न पाहिलेल्या नदीवर
पाणी उचलत राहायचा.

आता मी गोकुळ शिरगावला, एसीत.
आकसण्यासाठी स्क्रीनवर एक चौकट आहे;
आकडा टाकला की सगळं पोट फुगतं.
मागच्या मार्चमध्ये मी सवयीनं टाकला: एक टक्का.
चाळीस हाउसिंग भंगारात गेली.
एक उचलून मामाकडं नेलं.
त्यानं तळहातावर तोललं, हसला.
"लेका, हे ॲल्युमिनियम.
ह्याला तेरा. पितळंला पंधरा.
परत्येकाचं आकसणं येगळं असतंय.
धातू कुठला, इचारलंस का आधी?"

विचारलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीत
टीव्हीवर देशाची वाढ सांगत होते,
दशांश चिन्हासकट.
मामा थांबला. टक्का म्हटलं की तो थांबतोच;
एक टक्का केवढा, ते त्याच्या अंगठ्याला ठाऊक आहे.
"ह्यो आकडा," त्यानं बशी खाली ठेवली,
"गरम असताना मोजलाय, का गार झाल्यावर?"

चहावाल्यानं चॅनेल बदललं.
दस्तगीरचा नातू ग्राइंडिंगचा चष्मा कपाळावर सारून
दोन कटिंग सांगत होता.
मी मामाकडं ती पट्टी मागितली.
"कशाला? तुझ्याकडं चौकट हाय की," म्हणाला,
आणि करगोट्याला बांधलेली
पेटीची किल्ली चाचपून पाहिली.