एकतीस सी

बैरूतहून रात्री सुटणाऱ्या या विमानात
खिडकी कुणी मागत नाही.
बायका चढतात एकेकट्या, पण पिशव्या सगळ्यांच्या सारख्याच,
निळ्या पट्ट्यांच्या, चेन तुटलेल्या, दोरीनं आवळलेल्या.
एखादीच्या पिशवीतून बाहुलीचे पिवळे केस.

मी दारात. ओठांवर कंपनीनं ठरवलेला लाल.
सलाम. उजवीकडून पुढे. सलाम.
पट्टा कसा लावायचा ते दाखवताना
हात आपोआप चालतात, डोळे मोजत राहतात:
दोनशे अठरा. एक गरोदर.
एकीचा हात प्लास्टरमध्ये, जिना धुताना पडले म्हणते.
मी पुढचं विचारत नाही.
प्रशिक्षणात हे नव्हतं. नंतर शिकले.

आज बुधवार, म्हणून उपासाची ताटं जास्त:
मसूर, कोबी, इंजेराची गार गुंडाळी.
एकतीस सी ताट हातात घेत नाही.
"किती पैसे?"
काही नाही.
"मग कुणी दिलं?"
ट्रॉलीच्या ब्रेकवर पाय दाबून मी क्षणभर नुसतीच उभी,
मग म्हणते, तिकिटातच असतं ते, ताई.

तांबड्या समुद्रावर कुठेतरी दिवे मंद करतो आम्ही.
मी मागे, पडद्याआड, बूट काढून घोटे चोळत,
तेवढ्यात पडदा सरकतो. तीच.
बाह्या कोपरापर्यंत वर, हातांवर ताटांची चळत:
तिच्या रांगेची, पुढच्या रांगेची, त्याच्याही पुढच्या.
"बसवत नाही," म्हणते. "पाय ऐकत नाहीत."

प्रवाशांना इथं मनाई आहे. तीन भाषांत लिहिलंय तसं.
मी माझी घडीची खुर्ची उघडते;
सोडली की मिटते ती, म्हणून कुणी बसेपर्यंत धरून ठेवावी लागते.
ती बसते. अगदी कडेला,
मॅडमनं हाक मारलीच तर उठता यावं इतकीच.

वर्कनेश. गाव वोल्दियाच्या वर,
बस थांबते तिथून पुढे अर्धा दिवस.
सात वर्षं एकाच घरात, पाचवा मजला.
समुद्र दिसायचा बाल्कनीतून,
"वाळत घातलेल्या चादरी बाजूला केल्या तर."
यंत्रातली कॉफी देते मी. हुंगते.
"ही जळकी आहे," म्हणते, आणि पिते.

फॉर्म भरायला देते, आणि पासपोर्ट, मॅडमनं काल परत केलेला.
तारखेपाशी पेन अडतं माझं.
त्यांचं कॅलेंडर पुढे धावतं, आपलं सात-आठ वर्षं मागून येतं.
जाताना तिच्या पासपोर्टवर ज्या सालाचा शिक्का बसला
तोच आकडा आज आपल्याकडे भिंतीवर आहे.
ती पेरांवर मोजते. पुन्हा मोजते.
"म्हणजे मी गेलेच नाही?"
हसते.
"मग मुलगी अजून चारच वर्षांची.
बरं झालं, बाहुली आणली."
आणि हसणं कुठे ठेवावं ते न कळून
कपाकडे बघत राहते.

आमच्या घड्याळात उजाडताना बारा वाजतात,
दिवस तिथून मोजायचा.
चाकं टेकली आणि मागच्या रांगांतून
जिभांचा तो लांब थरथरता आवाज उठला;
माझं "कृपया बसून राहा" त्यात बुडून गेलं.
दारात थंड हवा, निलगिरीचा वास.
एकतीस सी आली तेव्हा मी सलाम विसरले.
म्हटलं, जपून, पायरी उंच आहे.

ब्लँकेटं मोजली. एक कमी.
कागदावर लिहिलं, पूर्ण.

मागे ओट्यावर, चौघडी केलेल्या टिश्यूवर
तिचा कागदी कप,
धुऊन, पालथा घातलेला.
टाकायचाच तर असतो तो.
खाली आमची गाडी हॉर्न देतेय
आणि मी तो हातात घेऊन उभी.
कड अजून ओली.