नाही शेवटी येतं

मकरपुऱ्यात, फॅनबेल्टच्या गोदामावरच्या खोलीत
आम्ही पाण्याच्या टाक्यांना विचार करायला शिकवतो.
टाकी भरलेली नसेल, तर पंप चालू.
एवढंच वाक्य.
मी ते लिहिलं, आणि ‘नसेल’मधला न विसरले.

म्हणजे ते चिन्ह : एक उभी रेघ, खाली टिंब.
फणसेबाई त्याला उद्गारचिन्ह म्हणत,
अहाहा, अरेरे, शाबास यांच्या मागे लावायचं.
इथे ते पुढे लागतं,
आणि उद्गार कसला,
मुकाट्यानं खऱ्याचं खोटं करतं.

मांजलपूरच्या सोसायटीत रात्री दोनला
भरलेली टाकी भरतच राहिली.
जिन्यावरून पाणी, पाण्यावरून कुणाची तरी चप्पल,
आणि फोनवर रेवाभाई वॉचमन :
“बेन, पंप बंध थतो नथी.”
नथी ऐकेपर्यंत मला वाटत होतं,
झाला असेल बंद.

आमच्याकडेही असंच.
“मी आज संध्याकाळी सुरसागरपाशी
तुला भेटायला येणार,” हेरंब म्हणाला होता,
आणि मग जरा थांबून, “नाही.”
तेवढ्या थांबण्यात
माझे केस विंचरून झाले होते.

यंत्राला हे थांबणं माहीत नाही.
आधी नाही, मग काय ते.

झोपेत दुरुस्ती केली, तर बोट दोनदा पडलं.
नाही नाही भरलेली.
म्हणजे भरलेली, यंत्र म्हणालं,
आणि जिना पुन्हा वाहू लागला.

दोन नाही मिळून एक हो, हे त्याचं गणित.
आई हेरंबबद्दल म्हणाली होती,
“मुलगा आवडला नाही असं नाही.”
त्याचं हो करता करता सहा वर्षं गेली,
अजून थोडं उरलंच आहे.

सकाळी आठला, सेव-उसळीच्या गाडीपाशी,
ओल्या सलवारीत उभी.
हेरंबचा फोन : “रागावली नाहीस ना?”
मी मोजलं. नाहीस, एक. ना, दोन.
दोन्ही खोडले तर उरतं
रागावली.
पण तो ‘ना’ काही खोडत नव्हता,
नुसताच दारात उभा होता,
आत घेतेस का विचारत.

गाडीवाल्यानं पळी उचलली. “तरी नाखुं?”
फोन कानाला होताच.
“हो,” मी म्हटलं, “तरी.”

पलीकडे कुणाला काय ऐकू गेलं
मी विचारलं नाही.