चार पानांचा फॉर्म

वर्ध्याच्या ट्रेनिंगमध्ये फळ्यावर चार चौकोन होते,
प्रत्येकात एकेक तपासणी,
डब्यात पोळ्या ठेवाव्या तशी घडी घालून.
इथे, टेंभुर्डोहच्या उपकेंद्रात,
माणसं चौकोनातून येत नाहीत.
ऑटोतून येतात, बंडीतून, पऱ्हाटीच्या धुऱ्यावरून पायी,
आणि दारात उभं राहून सगळे एकच सांगतात,
"सिस्टरबाई, बरं नाई वाटून रायलं."

एवढ्यावरून ठरवायचं
किती विचारायचं, आणि किती लवकर.

भादव्यात मोटरसायकलवर
दोघांच्या मधे दाबून एकाला आणला.
फवारणीचा वास त्याच्याआधी आत आला.
बाहुल्या मोहरीएवढ्या, ओठांवर फेस.
मी नाव विचारलं नाही.
कुशीवर वळवला, तोंड पुसलं, श्वास पाहिला,
शर्ट कात्रीने कापला,
साबण, पाणी, डॉक्टरांना फोन, ॲट्रोपिन.
त्याचं वय, गाव, पूर्वीचे आजार, घरात कोण कोण
सगळं बाहेर ओट्यावर ताटकळत बसलं
एकशे आठ येईपर्यंत, आणि गेल्यावरही.
बाराव्या दिवशी तो स्वतःच सांगायला आला:
आडकू कोहचाडे.
रजिस्टरात त्या रात्रीची ओळ रिकामीच होती.
मी नाव लिहिलं, तो वाकून बघत राहिला,
वाचता येत नव्हतं तरी.

चंपत नेहारे दर मंगळवारी येतो प्रेशर मोजायला.
फॉर्म दिसला की चिडतो,
"मांगच्या बारीले सांगतलं ना वो सारं?"
सांगितलं होतं.
त्याचं नुसतं आजचं मोजून भागत नाही,
गेला मंगळवार ते हा मंगळवार, मधलं अंतर मोजायचं:
चप्पल घट्ट होते का संध्याकाळी,
देवळाच्या पायऱ्यांवर कितव्या पायरीला थांबला.

चुकलेही आहे.
पोट दुखतं म्हणून आलेल्या एका पोरीचं
मी फक्त पोट पाहिलं.
ओढणी बाजूला केली नाही.
त्याबद्दल इथे अजून काही लिहीत नाही.

आणि आज,
वेचणीचे दिवस, कमरेची ओटी न सोडताच
सुकमाबाई कुमरे टाचेतला काटा काढायला आली.
बाहेर एकोणीस जण.
काट्याला चार पानं कशाला?
टाच बघायची, काटा काढायचा,
धनुर्वाताचं इंजेक्शन, पट्टी, घरी.
चिमट्यात धरून ओढला.
बाभळीचा, अर्ध्या बोटाचा, मागोमाग जुना पू.
ती माझ्यामागचं कॅलेंडर बघत होती.
"कधी रुतला?"
"काय मालूम जी. पोरीनं पायलं तवा समजलं."
"दुखलं नाही?"
"नाई ना जी. दुखलंच नाई."

चिमटा ट्रेमध्ये ठेवला.
अकरा वर्षं मी प्रत्येकाला एकच विचारत आले,
कुठं दुखतं.

खणातून चार पानी फॉर्म काढला,
बाहेर सांगितलं, वेळ लागेल.
बोटाला टोचून साखर पाहिली. साखर ठीक.
बाही वर करायला लावली.
कोपराच्या मागे फिकट डाग,
चुन्याचं बोट पुसल्यासारखा.
"हे कधीपासून?"
"असंच हाये जी. खाजत नाई, काई नाई."
रोगाचं नाव मी अजून मनातही घेतलेलं नाही.

तिच्याच ओटीतला कापूस घेतला चिमूटभर,
वळून टोक केलं.
म्हटलं, डोळे मिट. कापूस लागेल तिथं बोट ठेव.
गालाला लावला. लगेच बोट ठेवलं, हसली.
मग डाग.
मग पाऊल, वरून.
मग करंगळी,
जिने सकाळपासून वीस किलो वेचला असेल.
पुन्हा डाग.

डोळे घट्ट मिटून, शहाण्या मुलीसारखी
ती बोट वर धरून बसली आहे.
"लावा ना जी आता, सिस्टरबाई."