सामान्य आकुंचन

किल्ल्या मिळाल्या तेव्हा भिंती ओल्याच होत्या.
विक्रीवाली पोरगी म्हणाली, वाळतील,
पहिला हिवाळा हीटर मंद ठेवा,
नव्या घराला घाई सोसत नाही.
आम्ही मान डोलावली,
डॉक्टरसमोर डोलावतात तशी.

स्पाल्डिंगच्या बाहेर, परवापरवापर्यंत
ट्यूलिपचं शेत होतं तिथे
आता ट्यूलिप क्लोज.
ज्याला पुरलं त्याचंच नाव पाटीवर.
बेचाळीस घरं, एका साच्यातली. आमचं सतरावं.
अ‍ॅलेकनं एकतीस वर्षं बस हाकली
त्यातून हे आलं.

हमीची पुस्तिका तो अंथरुणात वाचायचा,
बोट ओळीखाली धरून.
दहा वर्षं, रोवीना! दहा!
मग पान उलटलं.
पहिली दोन बिल्डरची,
उरलेली आठ विमा कंपनीची, आणि त्यातही
पाया, तुळया, भार पेलणाऱ्या भिंती, छप्पर.
कुंपण नाही. फाटक नाही. ठिबकणारा नळ नाही.
दार फुगलं तर हवेचा दोष,
गिलावा तडकला तर सामान्य आकुंचन.
तेव्हापासून माझे गुडघे दुखले
की तो हेच म्हणतो.

तिसऱ्या वर्षी जिन्याच्या खिडकीवर एक रेघ दिसली.
मला वाटलं, कोळ्याचं जाळं.
फडक्यानं पुसली. पुसली गेली नाही.

बिल्डरचा फोन आता कुणाचाच नाही.
तीच माणसं म्हणे नवं नाव लावून
बोर्नच्या रस्त्याला साठ घरं बांधताहेत.

विमा कंपनीचा मुलगा आला, गुणी होता,
बूट दारात काढले, चहा घेतला,
लाल किरण भिंतीवर टाकून म्हणाला,
घर बसतंय.
अ‍ॅलेक म्हणाला, आम्हीही.

पत्र आलं, तीन पानी.
तडा आहे, हे मान्य.
पण दुरुस्तीचा खर्च
किमान रकमेच्या खाली भरतो.
म्हणजे, मी विचारलं, अजून मोडायला हवं?
अ‍ॅलेक काही बोलला नाही.
त्यानं पेन्सिल शोधली
आणि तड्याच्या टोकाशी तारीख घातली.

आता दर रविवारी घालतो.
मार्चमध्ये रेघ बोटभर पुढे सरकली,
तेव्हा त्याचा आवाज जरा चढला, आनंदानं,
आणि मग आम्ही दोघं
एकमेकांकडे बघायचं टाळत राहिलो.

नात येते शनिवारी, इमोजन, पाच वर्षांची.
गोटी नुसती ठेवायची बैठकीत, ढकलायची नाही,
ती आपोआप निघते,
टेबलाखालून, गालिच्याच्या कडेनं,
स्वयंपाकघरातून थेट मागच्या दारापर्यंत.
आजीच्या घरात जादू आहे, ती शाळेत सांगते.
पुन्हा, आजोबा, पुन्हा.

आणि अ‍ॅलेक, गुडघे सांभाळत,
मागच्या दाराशी फरशीवर बसतो,
तळहात उघडा ठेवून.