दोन्ही घरं, एकाच दिवशी

डॉक्टर ओतीलियानं बोलोटाच्या पाठीवरून बारीक फणी फिरवली,
निघालेली काळी कणी ओल्या कागदावर ठेवली.
कणीभोवती हळूहळू तांबडं पसरलं.
"पिसवा," ती म्हणाली, उद्या ऊन पडेल म्हणावं तशी.
"घरात आणखी कुणी प्राणी?"
नाही, म्हटलं. मग म्हटलं, घरं दोन आहेत.

एक आठवडा कुत्री माझ्याकडे, पोर्तोत, चौथ्या मजल्यावर.
एक आठवडा नदीपलीकडे, गायाला, अमादेउकडे.
दर शनिवारी वरच्या पुलाच्या मधोमध
पट्टा या हातातून त्या हातात जातो.
बोटं लागू देत नाही आम्ही.
वकिलांनी भांडी वाटली, गालिचे वाटले,
लोखंडी तव्यावरून तर दोन तारखा पडल्या.
पिसवांचं कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

"दोन्ही घरं, एकाच दिवशी," डॉक्टर म्हणाली.
"नाहीतर जन्मभर एकमेकांना पाठवत बसाल."

आठ महिन्यांनी त्याचा नंबर लावला.
"तुझ्याकडूनच आल्या असणार," तो म्हणाला.
"तुझ्या गालिच्यातून," मी म्हणाले, "तोच, जो तुला हवाच होता."
बारा मिनिटं भांडलो.
इतकं मन लावून आम्ही लग्नातही कधी भांडलो नव्हतो.

सेंट जॉनच्या सणाचा दुसरा दिवस ठरला, दोघांनाही सुट्टी.
आदल्या रात्री अख्खं शहर
प्लास्टिकच्या हातोड्यांनी एकमेकांच्या डोक्यात टपल्या मारत होतं,
आणि मी पलंगाखाली उताणी पडून
फटीफटीतून धूळ ओढत होते.
चादरी, उशा, कुत्रीचं घोंगडं उकळत्या पाण्यात.
धूळयंत्राची पिशवी गाठ मारून रस्त्यावरच्या डब्यात,
तीही धावत, चार मजले, जणू आत साप आहे.

सकाळी फवारा. मग तीन तास घराबाहेर.
त्यालाही तीन तास.
कुत्री एकच.
म्हणून नदीकाठच्या बाकावर, मध्ये बोलोटा,
मानेवर औषधाचे थेंब, केस तिथे तेलकट चिकटलेले.
शहर झोपलेलं. रस्त्यावर सार्डिनचे काटे, फुटके हातोडे,
चुरगळलेली लसणाची फुलं.
त्याच्या घोट्यांवर तांबड्या गांधी, तीन-तीनच्या ओळीत.
माझ्याही. मी पाय बाकाखाली घेतले.
तो म्हणाला, "तवा देईन परत."
मी म्हणाले, "आता मला सवय झाली दुसऱ्याची."
तव्याचीच म्हणत होते मी.

पण फवाऱ्यानं कोष मरत नाहीत.
आतली पिसू थांबून राहते, आठवडे, कधी महिने,
जमिनीला पावलांचा हादरा बसेपर्यंत,
कुणाची ऊब, कुणाचा श्वास लागेपर्यंत.
"म्हणून चाला," डॉक्टर म्हणाली होती,
"जिथे जात नाही तिथे मुद्दाम चाला. निघू देत बाहेर."
तेव्हा पांढरे मोजे चढवून
मी रोज संध्याकाळी त्याच्या अभ्यासिकेत जाऊ लागले.
आठ महिने दार लोटलेलंच होतं.
पाय आपटत खिडकीपर्यंत, खिडकीपासून रिकाम्या फळ्यांपर्यंत.
खालच्या मजल्यावरच्या झुल्मिराबाईंनी छताला झाडू ठोकला.
पहिल्या दिवशी मोज्यांवर अकरा.

रात्री फोन, फक्त आकडे.
"इथे सात."
"इथे चार, आणि एक निसटली."
"इथे दोन."
जुलै सरत आला तसे आकडे घसरले,
फोन मात्र लांबत गेले, कशावरूनही,
त्याचा गुडघा, माझ्या नळाची गळती.

काल मी सांगितलं, "सलग पाच दिवस शून्य."
पलीकडे गप्प.
मागे बोलोटा घोरताना ऐकू येत होती,
न खाजवता, सलग, गाढ.
मग तो म्हणाला, "इथे एक दिसली.
म्हणजे, दिसल्यासारखी वाटली."

मोजे वाळत घातलेत.
उद्या शनिवार.